मदत हवी आहे: तापात लेकाच्या अंगभर गांधी उठल्यात, खाज थांबेना

जुळेसोलापूरकरीण:
नमस्कार. लेक ५ वर्षांचा, वजन १७ किलो. बुधवारपासून ताप, सर्दी. डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून पॅरासिटामॉल आणि सर्दीचं सिरप दिलं. ताप हटेना म्हणून काल संध्याकाळपासून अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) सुरू केलंय.

आज दुपारी झोपेतून उठला तो मांड्या खाजवतच. वाटलं डास चावले. तासाभरात पोटावर, पाठीवर, कानामागे लाल फुगीर चट्टे. काही रुपयाएवढे, काही एकमेकांत मिसळून नकाशासारखे पसरलेले. मांडीवरचे गेले तर दंडावर नवे आले. नुसता खाजवायलाय.

घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. शेजारच्या काकूंच्या मते ‘बाई आल्यात’, आंघोळ घालू नको, उशाला कडुलिंब ठेव. नवरा म्हणतो औषधाची ॲलर्जी. दीर म्हणतो शेंगाचटणी बंद करा (हा पोरगा दोन वर्षांचा असल्यापासून भाकरीसोबत चटणी खातोय!).

श्वास नीट आहे, ओठ सुजले नाहीत, पाणी पितोय, कार्टून बघतोय. दवाखाना उद्या सकाळी उघडेल. तोवर थांबलं तर चालेल का? रात्री ९ ला अमॉक्सिसिलिनचा डोस आहे, देऊ का? घरात सेट्रिझिन (ॲलर्जीचं) सिरप पडलंय, ते?

होटगीरोड:
ओठ, जीभ किंवा डोळे सुजायला लागले, आवाज बसला, छातीत शिट्टी वाजायला लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा पोरगं गळून गेलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा नाहीतर गाडी काढून थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला. बाकीचं जाणकार सांगतील.

निवृत्तसिस्टर:
मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. पण इथल्या कुणालाच मूल दिसत नाहीये, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही सांगताय तशा, जागा बदलणाऱ्या गांधी म्हणजे आपलं ‘अंगावर पित्त’. दवाखान्यात अर्टिकेरिया म्हणतात. नाव पित्त असलं तरी पोटातल्या पित्ताशी त्याचा संबंध नाही, कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात म्हणून ते फुगतं आणि खाजतं. लहान मुलांत याचं नेहमीचं कारण व्हायरल तापच. एकेक गांधी २४ तासांच्या आत विरते, दुसरीकडे नवी येते. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतं.

आता काचेचा पेला घ्या आणि चट्ट्यावर दाबा. काचेतून लाली गेलेली दिसली तर ठीक. बारीक लाल-जांभळे ठिपके तसेच राहिले तर आज रात्रीच दाखवा.

बाई नाहीत हो. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात. गोवरात डोळे लाल, खोकला, आणि पुरळ चेहऱ्याकडून खाली उतरतं, असं येऊन-जाऊन खेळत नाही. आंघोळ जरूर घाला, कोमट पाण्याने. गरम पाण्याने खाज भडकते.

अमॉक्सिसिलिन: डॉक्टरांशी किंवा कुठल्याही चालू दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ९ चा डोस देऊ नका.

सेट्रिझिन चालतं, पण किती एमएल ते वजनावरून त्यांनाच विचारा. आधी सर्दीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन (सेट्रिझिनसारखंच ॲलर्जीचं औषध) असतं, कधी पॅरासिटामॉलही. वरून पुन्हा त्याच जातीचं दिलं तर डोस दुप्पट होतो. पॅरासिटामॉलचंही तेच: ५ एमएलमध्ये १२५ एमजीचं सिरप मिळतं आणि २५० चंही. ‘एक झाकण दे’ म्हणणारे कुठल्या बाटलीचं झाकण ते सांगत नाहीत.

गेरूवाली_आजी:
आमच्याकडं गेरू लावतात, लगेच थंड पडतं. आमसुलाचं पाणीबी चांगलं.

निवृत्तसिस्टर:
आजी, आमसुलाच्या पाण्याला ना नाही, खाजवून कातडी सोलली नसेल तर. गेरू मात्र उद्या दाखवेपर्यंत नको. अंग लाल करून नेलं की डॉक्टरांना चट्टा कुठला आणि गेरू कुठला कळत नाही. ओला पंचा पिळून ठेवा, कॅलामाइन लावा, नखं कापा, सुती बनियन घाला.

भुईकोट:
डेंग्यू विसरू नका. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, घरोघरी बॅरल भरलेले, डासांची चैनच. ताप उतरल्यावर पोट दुखणं, उलट्या, सुस्ती, हिरड्यांतून रक्त असलं काही दिसलं तर धोका. म्हणून तापाला आयब्रुफेन देऊ नका, ॲस्पिरिन तर मुळीच नको. कॉम्बिनेशनच्या सिरपमध्ये आयब्रुफेन लपलेलं असतं, बघा. पित्तही त्याने कधीकधी वाढतं.

जुळेसोलापूरकरीण:
सगळ्यांचे आभार. काच दाबली, लाली जाते. सर्दीच्या सिरपवर खरंच क्लोरफेनिरामिन निघालं! सात रस्त्याकडच्या एका चालू दवाखान्यात जाऊन आलो. व्हायरलमुळेच असावं म्हणाले. घशात-कानात बॅक्टेरियाची लक्षणं नाहीत म्हणून अमॉक्सिसिलिन बंद, सर्दीचं सिरप बंद, सेट्रिझिन वजनाप्रमाणे. उद्या सकाळी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि डेंग्यूची तपासणी.

आता नवरा फाईलवर लाल पेनने ‘अमॉक्सिसिलिन ॲलर्जी’ लिहायला बसलाय. लिहू द्यावं का?

निवृत्तसिस्टर:
लाल पेन काढून घ्या. तसं एकदा लिहिलं की पोराला पुढं कायम महागडी, जास्त जोरकस अँटिबायोटिक्स मिळत राहतात. आणि लहानपणी हा शिक्का बसलेल्या बहुतेक मुलांना नंतर नीट तपासल्यावर ते औषध चालतं असंच निघतं. त्याऐवजी घडलं ते लिहा: ताप कधी सुरू झाला, औषधाचा पहिला डोस कधी, गांधी कधी दिसल्या, ओठ सुजले का, श्वासाचा त्रास झाला का. बाटल्यांचे आणि अंगावरचे फोटो तारखेसह ठेवा. बरा झाला की तुमच्या डॉक्टरांना विचारा, गरज वाटली तर ते ॲलर्जी तज्ज्ञांकडे पाठवतील. तोवर कुणी पेनिसिलिन गटातलं (अमॉक्सिसिलिन त्यातलंच) औषध लिहिलं तर आधी हे सांगायचं. घरी थोडंसं देऊन बघायचा प्रयोग अजिबात नको.

चटणीचं म्हणाल तर, खाण्याची ॲलर्जी बहुधा मिनिटांत नाहीतर दोनेक तासांत दिसते. आज दुपारी काही नवीन खाल्लं होतं का?

जुळेसोलापूरकरीण:
नाही, नुसता मऊ भात आणि वरण. एक शेवटचं. खाज कमी आहे, पण पाठीवर परत दोन उठल्यात. औषध लागू पडत नाहीये का? आणि सोमवारी शाळेत पाठवू का?

निवृत्तसिस्टर:
औषधाचा असर उतरला की पुन्हा उठतात, काही दिवस हे चालेल. रोज नव्याने घाबरू नका. सहा आठवडे उलटूनही येतच राहिल्या तर वेगळी तपासणी लागते. गांधी दुसऱ्या पोरांना लागत नाहीत, ताप लागतो. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल, औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नाही आणि पोरगं खेळतंय, असं असेल तर पाठवा. बाईंना चिठ्ठी द्या, नाहीतर चट्टे बघून दुपारीच परत पाठवतील.