विषय: उन्हाळी अभ्यासदौरा आणि लहरी हवा, कपडे काय द्यावेत?

नमस्कार मंडळी,

माझी लेक यंदाच्या उन्हाळ्यात कॉलेजतर्फे महिनाभराच्या अभ्यासदौऱ्याला निघाली आहे. विषय भूशास्त्र, त्यामुळे निम्मा वेळ वर्गात आणि निम्मा डोंगरात. पत्रकात कपड्यांबद्दल एकच ओळ आहे: हवा लहरी असते, त्या बेतानं कपडे आणावेत. बॅग एकच, तीही ज्याची त्यानं उचलायची. ती म्हणते, दोन जीन्स आणि एक हूडी नेली की झालं. मला वाटतं जाड कोट हवाच. आमचं दोघींचं काही जमेना. माहीतगारांनी कृपया सांगावं.

---

ताई, नमस्कार.

मी उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोट नको, आणि डोंगरात जीन्सही नको.

भूशास्त्राच्या दौऱ्यात चालणं कमी आणि उभं राहणं जास्त असतं, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. मुलं चढून घामाघूम होतात आणि मग एखाद्या उघड्या कड्यापाशी थांबून खडकाच्या थरांचा कल मोजतात, वहीत आकृती काढतात. अर्धा-पाऊण तास हालचाल नाही, वारा सुटलेला, पाठीला ओला टीशर्ट चिकटलेला. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. त्यामुळे पारा 10 अंशांच्या वर असतानाही पोरं काकडायला लागतात. ओल आणि वारा तसाच राहिला तर शरीराचं तापमान 35 अंशांखाली उतरून हायपोथर्मियापर्यंत वेळ येऊ शकते, भर उन्हाळ्यातसुद्धा. बॅग भरायची ती या उभं राहण्याच्या वेळेसाठी.

सुती कपडा इथे दगा देतो. घाम पितो आणि धरून ठेवतो. अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ टीशर्ट द्या. मेरिनो महाग पडते, पण बरीच ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि दोन-तीन दिवस वापरली तरी वास मारत नाही. त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं हलकं उबदार जॅकेट), आणि सगळ्यात वर रेनकोट. चढताना फ्लीस काढून सॅकमध्ये, थांबलं की लगेच अंगात. थंडी वाजेपर्यंत थांबायचं नाही, हे लेकीला बजावून सांगा. जाड कोटात ही सोय नाही. तो घातला की घाम, काढला की गारठा.

रेनकोट विकत घेताना आतून उलटा करून शिवणी बघा. शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल तरच खरा पाऊस अडतो, नाहीतर तो भुरभुरीपुरता. टोपी कॉलरला पक्की जोडलेली हवी आणि काखेत चेन असेल तर फारच छान, आतली वाफ बाहेर जाते. घरात जुना चांगला रेनकोट असेल आणि त्यावर पाण्याचे थेंब न ठरता कापड गडद होत असेल, तर टाकून देऊ नका. लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर धुऊन ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा, बऱ्याचदा थेंब पुन्हा ओघळायला लागतात. छत्री देऊ नका. वाऱ्यात टिकत नाही आणि हातात होकायंत्र व वही असते.

आणखी एक. मोबाइलवर दिसणारं तापमान पायथ्याच्या गावाचं असतं. दर 1000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. सकाळी खाली ऊन बघून मुलं फ्लीस खोलीवर टाकून येतात आणि दुपारी वर कुडकुडतात.

---

दादांनी थंडी-पावसाचं सगळं सांगितलंच आहे, मी उन्हाचं सांगते. उंचावर गार वाटतं म्हणून ऊन कळत नाही, पण दर 1000 मीटरला अतिनील किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि पातळ ढगातूनही बरेचसे खाली येतात. फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट एक तरी द्याच. डास-किड्यांपासूनही तोच वाचवतो. मान झाकणारी काठाची टोपी आणि कान झाकणारी पातळ लोकरी टोपी, दोन्ही द्या. दोन्ही मिळून मूठभरच होतात.

---

सर्वांचे मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. कोटाचा हट्ट मी सोडला, पण जीन्सशिवाय ती जायला तयार नाही. आणि मोजे किती जोड द्यावेत?

---

ताई, एक जीन्स प्रवासात घालून जाऊ द्या, वर्गाच्या दिवशी खुशाल वापरू दे. बॅगेत मात्र पटकन वाळणाऱ्या दोन पॅन्ट हव्यात.

मोज्यांत काटकसर नको. लोकर-मिश्रणाचे चार-पाच जोड द्या. ओल्या मोज्यांत पाय मऊ पडतो आणि फोड तिथेच येतात. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रोजच्या सॅकमध्ये. सॅकच्या आतही एक जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाला, कारण वरून कव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी शिरतं. कपडे कमी नेल्यामुळे रात्री धुवावे लागतील. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघ्यानं दाबायचं. बरंचसं पाणी टॉवेलमध्ये उतरतं, पातळ टीशर्ट सकाळपर्यंत वाळतो.

निघण्याआधी घरी एकदा सगळे थर एकावर एक घालायला लावा, वर सॅक. हात उंच करून बघायचे, वाकून बुटाची नाडी बांधून बघायची. रेनकोट फ्लीसवर घट्ट बसत असेल तर आत्ताच बदलून आणता येईल. आणि बूट नवे असतील तर आजपासूनच रोज घालून फिरू दे, त्याच मोज्यांवर.