मॉडेल विमानाचे इंजिन : उभे, आडवे की उलटे?

गोदाकाठ (परभणी)
बाल्सा लाकडाचे, वरच्या पंखाचे विमान बांधत आहे. त्यावर ०.४६ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ७.५ सीसीचे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या प्लगने इंधन पेटवणारे) बसवायचे आहे. फायरवॉलला (नाकातील, इंजिन ज्यावर बसते त्या पाटाला) भोके पाडण्यापूर्वी सिलिंडरची दिशा ठरवायला हवी. उलटे इंजिन काउलमध्ये (नाकावरच्या आवरणात) झाकले जाऊन नाक सुबक दिसते, परंतु आमचे उड्डाण गावाबाहेरच्या पडीक रानात होते. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

माळरान (लातूर)
उभेच बसवावे. उलट्या इंजिनात तेलमिश्रित इंधन प्लगपाशी साचते, मंद गतीवर प्लग थंड पडतो आणि नेमके उतरताना इंजिन बंद होते. सिलिंडरमध्ये इंधन भरून राहिले असेल तर ते दाबले जात नाही. अशा वेळी पंखा आधी हाताने फिरवून न पाहता मी स्टार्टर लावला आणि कनेक्टिंग रॉड वाकवून बसलो. शिवाय काळ्या रानात विमान नाकावर आले, की पहिले ढेकूळ सिलिंडरच्या माथ्यालाच लागते. मे महिन्याच्या उन्हात काउल तर नकोच.

पतंगवेडा (जालना)
खरा प्रश्न टाकीचा आहे. टाकीची मध्यरेषा कार्बोरेटरच्या नीडलच्या (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या) पातळीत किंवा तिच्याहून ५ ते १० मिमी खाली असावी. इंजिन उलटे केले, की कार्बोरेटर खाली जातो, आणि टाकी जागच्या जागी राहिली तर इंधन आपोआप ओघळू लागते. आडव्या इंजिनात तो साधारण पंख्याच्या शाफ्टच्या उंचीवर येत असल्यामुळे टाकी बसवणे सोपे जाते. मागून पाहता सिलिंडर उजवीकडे ठेवल्यास बहुतेक इंजिनांचा मफलर (सायलेन्सर) पोटाखाली येतो आणि तेलाचा फवारा पंखावर उडत नाही. म्हणून माझे मत आडव्याला आहे; मात्र विमानाला पुढचे चाक असल्यास मफलर त्याच्या दांड्याला अडत नाही ना, हे आधी पाहावे.

गोदाकाठ (परभणी)
दोघांचेही आभार. आज इंजिन फायरवॉलला धरून पाहिले, तर आडव्या स्थितीत मफलर पुढच्या चाकाच्या दांड्यावरच टेकतो. चाक हलवायचे तर पुढची सगळी मांडणी नव्याने करावी लागेल, त्यामुळे इंजिन उभेच बसवतो. त्यात कार्बोरेटर शाफ्टच्या वर येत असल्याने टाकीखाली फोमचा थर देऊन ती १२ मिमी उचलणार आहे. भोके उद्या पाडतो.