अधिवेशनातलं वर्धापनाचं जेवण: तुमचे अनुभव लिहा

बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था, 1981 साली शिकागोत स्थापन झालं. चाळिशीचं अधिवेशन 2021 मध्ये व्हायचं, ते कोविडमुळे लांबलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये अटलांटिक सिटीत भरलं. नाटकांवर, गाण्यांवर पुष्कळ लिहून येतं. खास जेवणाच्या संध्याकाळीबद्दल कोणी लिहीत नाही. मला तीच सगळ्यांत जवळची वाटते. अशा जेवणाला, मग ते कुठल्याही मंडळाचं असो, गेला असाल तर लिहा.

न्यू जर्सीहून
सासूबाईंना घेऊन गेले होते. गोल टेबलावर आम्ही दोघी सोडून सगळे अनोळखी, त्यामुळे त्या गप्पच होत्या. शेजारी टोरांटोच्या एक काकू बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"
"सांगली. गावभाग."
"अगंबाई! माझं माहेर गावभागातलं!"
झालं. गणपतीचं देऊळ, आयर्विन पुलापाशी चढलेलं पाणी, कुणाच्या वाड्यात कोण भाड्यानं राहायचं... समोर सत्कार चालू होते, दोघींना पत्ता नव्हता. पानातली जिलबी तशीच राहिली. आता दर रविवारी फोन असतो. सूनबाई म्हणून मला त्या संध्याकाळीचे आभार मानावेसे वाटतात, कारण अमेरिकेत आल्यापासून त्या इतकं मोकळं बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

डॅलसहून
आमच्या मंडळाच्या वर्धापनाला मी पंगतीच्या व्यवस्थेत होतो. अमेरिकेच्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर जी पिढी इथे आली, त्यांना आम्ही पुढच्या टेबलांवर बसवलं आणि वाढपही आधी त्यांनाच. निवेदकानं विचारलं, "सत्तर सालाच्या आधी आलेल्यांनी हात वर करावा." थोडेच हात वर झाले. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. हे प्रत्येक मंडळानं करावं, आणि ही माणसं आहेत तोवर करावं.

सॅन होजेहून
2024 चं अधिवेशन आमच्या गावात. मुलगी तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली. मुलांचं टेबल वेगळं नको, असा मी आग्रह धरला. शेजारच्या आजोबांनी तिला उखाणा शिकवला, तिनं तो तिथेच म्हणून दाखवला!

लंडनहून
आमचं मंडळ 1932 चं. एवढंच सांगते: भाषणं जेवणाआधी उरका. लोक बोलायला आलेले असतात, त्यांना बोलू द्या. आणि टेबलं लावताना एका गावाहून आलेला सगळा घोळका एकत्र बसवू नका.