पट्टा मजबुतीसाठी नाही

‘.३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक कंपनीचं रायफलचं काडतूस) च्या बुडाचा पट्टा, म्हणजे बुडाभोवतीचं उठावदार कडं, जास्त दाब सोसण्यासाठी आहे’ हे मत चुकीचं आहे. या काडतुसाचं अंग निमुळतं आणि खांदा (अंग तोंडाकडे जिथे अरुंद होतं तो भाग) अगदी उतरता ठेवला, कारण आफ्रिकेच्या उन्हात कॉर्डाइटचा (त्या काळच्या धूरविरहित दारूचा) दाब वाढला तरी रिकामी पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या पोकळीत) अडकता कामा नये. पण असा खांदा काडतूस नेमक्या जागी रोखेलच असं नाही, म्हणून पट्टा. हॉलंडने तो १९०५ मध्येच .४००/.३७५ या आधीच्या काडतुसावर वापरला होता; .३७५ आली १९१२ मध्ये.

जर्मन बंदूककार ऑटो बॉक यांच्या ९.३×६२ या काडतुसाला (हीसुद्धा १९०५ चीच) पट्टा लागला नाही, खांद्यावरच भागलं. शिवाय ती साध्या मॉझर ९८ रायफलच्या ॲक्शनमध्ये (काडतूस भरण्या-काढण्याच्या यंत्रणेत) बसते; .३७५ ची लांबी सुमारे ९१ मिमी, तिला लांब आणि महागडी मॅग्नम ॲक्शन हवी. वसाहतींतल्या शेतकऱ्यांना बॉकची रायफल परवडली ती यामुळेच.

पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांनी एक सांभाळा: डाय (पुंगळीला पुन्हा आकार देणारा साचा) पूर्ण खाली बसवली की खांदा मागे ढकलला जातो, दर वेळी झाडल्यावर पुंगळीचं पितळ ताणतं आणि पट्ट्याच्या लगेच पुढे आतून खाच पडते. तिथेच पुंगळी तुटते. वाकवलेली तार आतून फिरवली की खाच हाताला लागते. खांदा जेमतेम हलेल एवढीच डाय फिरवा.