लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवरच अडकवून ठेवायचा आहे. कसा?

रात्रपाळी
आधीच सांगतो, राऊटर माझ्या ताब्यात नाही. त्यामुळे "राऊटरमध्ये दोन्ही बँडना (वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना) वेगळी नावं द्या" हा सल्ला कृपया नको. नाव एक, पासवर्ड एक, आणि कुठल्या बँडवर बसायचं ते लॅपटॉप स्वतःच ठरवतो. राऊटरजवळ असताना तो ५ वर असतो. आतल्या खोलीत गेलो की २.४ वर उतरतो, इथपर्यंत ठीक. पण परत राऊटरशेजारी येऊन बसलं तरी २.४ वरच मुक्काम ठोकतो! कानात ब्लूटूथ हेडफोन असतात आणि व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. वायफाय बंद-चालू केलं की कधी सुधारतं, कधी नाही. उबुंटू आणि विंडोज दोन्ही आहेत. दोन्हीकडचा उपाय हवा आहे.

चिकटपट्टी
विंडोजचं सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड टॅब. तिथे 'प्रिफर्ड बँड' असेल, त्यात ५ निवडा. झालं.

खुडबुड्या
"झालं" नाही हो. ती नुसती पसंती आहे, सक्ती नाही. दोन्ही दिसत असतील तर कार्ड आधी ५ कडे बघेल, पण ५ चा सिग्नल पडला की बिनदिक्कत खाली उतरेल. सक्ती हवी असेल तर त्याच यादीत 'वायरलेस मोड' शोधा. इंटेलच्या बऱ्याच ड्रायव्हरांत (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तिथे फक्त ५ गिगाहर्ट्झ (८०२.११ए) असा पर्याय मिळतो. तो निवडला की २.४ संपलंच. ही यादी विंडोजची नसून ड्रायव्हरची असते, म्हणून दोन लॅपटॉपांवर वेगवेगळी दिसते. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर केलेला बदल पुसला तर गेला नाही ना, तेही बघत जा.

तिथेच 'रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस' आहे. सिग्नल कितपत बिघडल्यावर कार्डाने दुसरी जागा शोधायची, ते त्यावर ठरतं. तुमचा लॅपटॉप २.४ वर चिकटून राहतो याचं कारण बहुतेक हेच: राऊटरशेजारी २.४ चा सिग्नल उत्तमच असतो, मग तो हलेल कशाला?

रात्रपाळी
आणि उबुंटूवर?

खुडबुड्या
तिथे खरी सक्ती करता येते. नेहमीच्या सेटिंग्जमध्ये ते दिसत नाही. टर्मिनलमधून 'एनएम-कनेक्शन-एडिटर' उघडा (तिन्ही शब्दांमध्ये आडव्या रेघा), तुमची जोडणी निवडा, वायफाय टॅबमध्ये 'बँड' असेल. पर्याय तीन: ऑटोमॅटिक, ए, आणि बी/जी. ए म्हणजे ५, बी/जी म्हणजे २.४. ही नावं १९९९ च्या ८०२.११ए आणि ८०२.११बी या मानकांवरून पडली, ८०२.११जी हे मानक २००३ मध्ये आलं. ए निवडल्याने वेग त्या जुन्या मानकाच्या ५४ मेगाबिटवर अडकत नाही. तो फक्त बँडचा शिक्का आहे. सेव्ह केल्यावर जोडणी तोडून पुन्हा जोडा, नाहीतर काहीच बदललं नाही असं वाटेल.

खालच्या 'बीएसएसआयडी' रकान्याला मात्र हात लावू नका. तिथे राऊटरच्या एखाद्या रेडिओचा पत्ता भरला की लॅपटॉप त्या एकाच रेडिओला बांधला जातो. घरात दोन अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी उपकरणं) असतील तर दुसऱ्याशेजारी बसूनही पहिल्याकडेच ओढ घेत राहील.

पायवाट
मॅकवर असं काही?

खुडबुड्या
सेटिंग्जमध्ये नाही. ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तर चॅनल (बँडमधला क्रमांक दिलेला छोटा तुकडा) आणि बँड दिसतो, पण तो फक्त बघायला.

जुनी तार
सगळे ५ च्या मागे का लागलेत? मधे दोन जाड भिंती असतील तर ५ आधी दम तोडतं. अशक्त ५ पेक्षा धडधाकट २.४ परवडतं.

खुडबुड्या
भिंतींचं पटलं. पण इथे ब्लूटूथ आहे, आणि तेही २.४ च्याच पट्ट्यात चालतं. लॅपटॉपमध्ये बहुतेकदा वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर तिचाही गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. कॉल तुटण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे.

रात्रपाळी
ए निवडलं. दोन दिवस कॉल एकदाही तुटला नाही. आज वीज जाऊन आली आणि लॅपटॉप म्हणतो नेटवर्कच नाही! फोन कधीच जोडला गेला होता. मिनिटभराने लॅपटॉपही आपोआप जोडला गेला. हे काय?

खुडबुड्या
चॅनल कोणता दिसतोय?

रात्रपाळी
१००.

खुडबुड्या
सापडलं. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारही असतात. तिथे राऊटरने चालू झाल्यावर निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं आणि रडार नाही याची खात्री झाल्यावरच बोलायचं, असा बहुतेक ठिकाणी नियम आहे. मधेच रडार सापडलं तर चॅनल सोडायचा आणि तिथे अर्धा तास परतायचं नाही. तेवढ्यात फोन २.४ वर जोडला गेला, तुमच्या लॅपटॉपला आपण ती वाटच ठेवलेली नाही. ३६ ते ४८ वर ही भानगड नाही, पण राऊटर तुमच्या हातात नाही.

उपाय: त्याच नावाच्या दोन जोडण्या करा. एकीत बँड ए, दुसरीत ऑटोमॅटिक. 'जनरल' टॅबमध्ये आपोआप जोडणीचा अग्रक्रम आकड्यात देता येतो, मोठा आकडा आधी. ए ला १०, दुसरीला ०. ५ दिसत नसेल तर दुसरी लागेल. मात्र ५ परत आल्यावर नेटवर्क मॅनेजर (उबुंटूत जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) स्वतःहून पहिलीवर जात नाही, हाताने बदलावं लागतं.

रात्रपाळी
केलं. पहिलीचं नाव 'पाचच', दुसरीचं 'मिळेल ते'. राऊटर बंद-चालू करून पाहिला, आधी 'मिळेल ते' लागलं, मग मी 'पाचच' वर नेलं. विंडोजवर वायरलेस मोडमध्ये ए सापडलं नाही, तिथे तूर्त प्रिफर्ड बँडवर भागवतो आणि कॉल उबुंटूवरच घेतो.