आई म्हणते पाटल्या काकूने नेल्या. काय उत्तर द्यायचं? (डिमेन्शिया, सल्ला हवाय)

सांजदिवा:
नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचते इथे, आज लिहायची वेळ आली. आई ७९ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. विसरणं वगैरे आता अंगवळणी पडलंय, पण गेले चारपाच महिने जे कधी घडलंच नाही ते तिला आठवायला लागलंय आणि तेही इतकं तपशीलवार की ऐकणारा खरंच समजेल. तर झालंय असं की पानशेतच्या पुरात तिच्या पाटल्या माझ्या काकूने नेल्या असं ती रोज सांगते. पूर पुण्यातला, १२ जुलै १९६१ चा, आई तेव्हा १५ वर्षांची, लग्नही झालेलं नव्हतं. पाटल्या लग्नात केलेल्या. काकू आमच्या घरात आली १९७५ ला. आणि त्या पाटल्या आईनेच १९९४ मध्ये दादाच्या अ‍ॅडमिशनसाठी मोडल्या, मी स्वतः तिच्याबरोबर सराफाकडे गेले होते!! हे सगळं मी तिला लग्नाचा अल्बम काढून समजावलं तर म्हणाली, तू पण तिला सामील आहेस.

पूर मात्र खराच. नारायण पेठेतलं घर गेलं, रात्र पर्वतीवर काढली, नंतर आजोबांना गोखलेनगरला निसन हटमध्ये (अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या) जागा मिळाली.

काकू सांगलीला असते, तिच्यासमोर फोनवर आईने हे काढलं. चुलत भाऊ तेव्हापासून फोन उचलत नाही. शिवाय संध्याकाळी सहा वाजले की "हे अजून ऑफिसातून आले नाहीत" सुरू, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. खरं सांगायचं की हो ला हो करायचं? प्लीज अनुभव असतील तर लिहा.

घाटमाथा:
ताई, वाद घालू नका एवढंच सांगतो. माझ्या वडिलांना मी प्रत्येक वेळी खरं सांगायचो की आई गेली, कारण खोटं बोलणं मनाला पटायचं नाही. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. सुतक रोज. मग बातमी तासाभरात विसरायचे पण उदास दिवसभर, का ते त्यांनाच माहीत नाही. महिनाभर मी माझ्या तत्त्वापायी त्यांना रडवलं, आता आठवलं की लाज वाटते. नंतर "येईल, ट्रॅफिक असेल, तोवर चहा घेऊ" यावर आलो. त्याला खोटं म्हणायचं तर म्हणा.

शांताबाईची_सून:
+१. आमच्याकडे पर्स हरवायची रोज, मी तशीच दुसरी आणून ठेवली, आत जुनी दहाची नोट आणि गणपतीचा फोटो. "चोरी" झाली की दोघी मिळून शोधायचो. शोधणं महत्त्वाचं हं, "असेल कुठेतरी" म्हटलं की भडकायच्या.

ओपीडी_नंतर:
पेशाने डॉक्टर आहे पण इथे बसून निदान करणार नाही, तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचाराच. आई खोटं बोलत नाहीये हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. याला कॉनफॅब्युलेशन म्हणतात. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात लवकर खराब होतो, जुन्या गोष्टी बऱ्याच उशिरापर्यंत राहतात, मधे पडलेल्या भोकांना मेंदू हाताला लागेल त्या जुन्या चिंधीचं ठिगळ लावतो आणि तिला ते ठिगळ कळत नाही, तिच्यासाठी ती आठवणच. म्हणून अल्बम वगैरे पुराव्यांचा उपयोग शून्य.

मात्र हे एक दोन दिवसांत अचानक वाढलं तर आजार वाढला असं धरून घरी बसू नका. वयस्कर बायकांमध्ये लघवीचं इन्फेक्शन ताप न येताही असा गोंधळ उडवतं. सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, बी१२, थायरॉइड हेही बघा. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी भ्रम वाढतो, त्यामुळे मेडिकलमधून मनाने काही आणू नका. चष्मा आणि कानाचं मशीन चालू आहे ना तेही पाहा, अर्धवट ऐकू आलं की संशय दुप्पट.

नसलेली लहान मुलं, प्राणी दिसायला लागले तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. ल्युई बॉडी नावाचा डिमेन्शियाचा एक प्रकार आहे, त्यात हॅलोपेरिडॉलसारखी भ्रमावरची औषधं चांगलीच महागात पडतात.

संध्याकाळचा त्रास बऱ्याच जणांना होतो. पाचलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढा, काहीतरी काम हातात द्या. शेंगा सोलणं, वाती वळणं.

खडूस_म्हातारा:
सगळे "हो ला हो" म्हणताय म्हणून मुद्दाम उलटं लिहितोय. आमच्या सासूबाई नर्सिंग ब्यूरोकडून आलेली बाई पैसे घेते म्हणायच्या, आम्ही आजार आहे म्हणून हसण्यावारी नेलं, आणि ती खरंच घेत होती. तेव्हा प्रत्येक वेळी शांतपणे खातरजमा करा. दागिने लॉकरमध्ये, फोटो काढून यादी, घरात थोडीच रोकड. उलट बाजूही आहे, बिचाऱ्या प्रामाणिक बाईवर आळ आला तर तुमच्याकडे सांगायला यादी असते.

आणि कागदपत्रं आत्ताच करा. सही समजून करता येतेय तोवर बँकेत जॉइंट नाव, नॉमिनी, मृत्युपत्र. माणूस समज हरवून बसला की आधी केलेलं मुखत्यारपत्र आपल्याकडे चालत नाही, मग गार्डियनशिपसाठी हायकोर्टापर्यंत जावं लागतं. आम्ही ते भोगलंय.

दुपारचा_चहा:
कोकणातून लिहितेय, इथे डे केअर वगैरे काही नाही. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, मी दोनदा केला फोन, निदान ऐकून घेतात. अल्झायमर्स सोसायटी म्हणून संस्था आहे, १९९२ पासूनची, देशभर शाखा आहेत, त्यांच्या केअरगिव्हर मीटिंगबद्दल विचारा. स्वतःची झोप सांभाळा, मी नाही सांभाळली.

बाकी तुमचं वाचून एक सुचलं. पाटल्या सोडा, तुमच्या आईचं पुरात काहीतरी गेलंच ना? ते कधी विचारलंत का? काय गेलं ते आठवत नसेल, गेल्याचं दुःख शाबूत असेल आणि ते पाटल्यांना जाऊन चिकटलं असेल. काकू सांगलीची, लांब राहणारी, चोर ठरायला सोयीची :) त्यांना मात्र फोन न करता सविस्तर व्हॉट्सअ‍ॅप लिहा, आजार काय, आई काय म्हणते आणि का. लिहिलेलं माणूस दोनदा वाचतो.

सांजदिवा:
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. लघवीचं इन्फेक्शन निघालं!! औषधाने रात्रीचं ओरडणं थांबलं, पाटल्या आहेतच. यादी केली, दिवे पाचला लागतात, बाबा "ट्रॅफिकमध्ये" असतात. दादाला हे पटत नाही, तो अजून तिला तारखा सांगत बसतो, त्याचं त्याच्याजवळ.

काकूला मोठा मेसेज लिहिला. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. मग तिचा फोन, म्हणाली वहिनी मला काहीही म्हणू दे, पण हे मुलांना आधी सांगायचं होतंस. बरोबरच आहे.

आणि चहावाल्या ताई, विचारलं मी. "आई, पुरात तुझं काय गेलं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, शिवणाचं मशीन. आजीचं. ते उचलायला चौघं लागली असती, आम्ही तिघंच होतो. हे आम्ही जन्मात कधी ऐकलं नव्हतं. खरं की तेही ठिगळ, सांगायला आता कुणी उरलेलं नाही, मामाही गेला. पण त्या दिवशी काकूचं नाव निघालं नाही.

काल परत निघालं. शोधल्या पाटल्या, पलंगाखालीसुद्धा.

गोखलेनगरच्या निसन हटचे जुने फोटो कुणाकडे असतील तर प्लीज विपू (विचारपूस) मध्ये कळवा, तिला दाखवायचेत.