रिव्हर्स घेऊन गाडी लावणं तुम्हाला कशाने जमलं?

लायसन्स मिळून ११ वर्षं झाली, पण दोन गाड्यांच्या मधे मागून घुसायचं म्हटलं की तळहाताला घाम फुटतो. परवा खांबाला बंपर घासला. तुमचे अनुभव लिहा. ‘सराव करा’ सोडून काहीही चालेल!

▪ मला आरशाने तारलं. दोन्ही आरसे थोडे खाली झुकवते, मागचं चाक आणि जमिनीवरची रेघ एकदम दिसेल इतपत. मग फक्त त्या दोघांमधली फट बघायची. डावीकडे फट कमी झाली की स्टिअरिंग जरासं उजवीकडे. मागे जाताना ज्या बाजूला फिरवाल, त्याच बाजूला गाडीचा मागचा भाग जातो. हे डोक्यात बसायलाच मला महिना लागला. निघताना आरसे परत वर करायचे, तेवढं विसरू नका.

▪ मागे बघण्याच्या नादात मी पुढचं विसरायचो. स्टिअरिंग पूर्ण काटून, म्हणजे एका बाजूला टोकापर्यंत फिरवून, मागे येताना गाडीचं नाक उलट्या बाजूला बाहेर पडतं. समोरच्या रांगेतल्या गाडीला कोपरा लागला, तेव्हा अक्कल आली.

▪ बहुतेकांची सुरुवातच चुकते असं माझं मत. रांगेला चिकटून येतात आणि मग वळायला जागाच उरत नाही. मी साधारण दीड मीटर सोडून उभा राहतो. आणि गाडी तिरकी गेली तर आतल्या आत झटापट करत नाही, सरळ पुढे काढतो आणि नव्याने घेतो. मागचा हॉर्न वाजवेना का! चाकं सरळ कधी होतात हेही कळत नसे, म्हणून स्टिअरिंगच्या माथ्यावर लाल चिकटपट्टी लावली होती. माझ्या गाडीत पूर्ण काटल्यावर दीड फेरी उलटी फिरवली की चाकं सरळ.

▪ सेन्सरवर विसंबू नका. बारीक लोखंडी पाइप होता, हूं की चूं केलं नाही त्याने.

▪ आमचे हे मागे उभे राहून ‘ये, ये, ये’ करतात आणि ठोकली की ‘बस्स!’ आता त्यांना आधी घरात पाठवते, मग गाडी लावते.

▪ धागाकर्ता: आरसे झुकवून आज बघितलं. तिसऱ्या खेपेला गाडी अगदी सरळ लागली. फक्त खांबाला इतकी चिकटून, की शेजारच्या सीटवरून सरपटत उतरलो.